पाहुणा बसला का?

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. ठोकळ्याला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटेल. पण गाडी वर उचललेली असते, माणूस तिच्याखाली झोपलेला असतो, आणि त्या दोघांच्या मध्ये मी असतो. एका दुपारी मी तिथे जवळजवळ नव्हतोच. ती दुपार आठवली की माझ्या अंगातला तडा अजून ठणकतो.

माझा जन्म वखारीतला. एका जाड तुळईचा मी उरलेला तुकडा. जळणात जायचो, पण बाबांची नजर माझ्यावर पडली. बाबा म्हणजे या घरातले बाबा. गाडीचं सगळं काम स्वतःच्या हातांनी करणारे. त्यांनी मला घासून साफ केलं, तेल पाजलं आणि गॅरेजमध्ये आणून ठेवलं. जॅकवर गाडी चढली की ते मला तिच्या कडेच्या लोखंडी पट्टीखाली सरकवायचे. जॅकने दगा दिलाच, तर गाडी माझ्यावर टेकेल, खालच्या माणसावर नाही. एरवी मला कामच नसे. "हा काही करत नाही, नुसता बसतो. पाहुणाच आहे आपला," असं ते हसून म्हणायचे. तेव्हापासून माझं नाव पाहुणा पडलं, आणि घराला नियम लागला की पाहुण्याला आधी बसवायचं आणि मगच गाडीखाली जायचं.

ताई आणि धाकटा ही बाबांची मुलं, त्यांच्या हातात पाने-पकडी देता देता मोठी झाली. गाडीखाली शिरण्याआधी बाबा विचारायचे, "पाहुणा बसला का?" दोघं एका सुरात ओरडायची, "बसला!" त्या काळात माझा काय थाट होता म्हणून सांगू! मी नुसता बसायचो आणि माझं कौतुक व्हायचं.

पुढे बाबांचे गुडघे गेले. ते वरच्या खोलीत, गॅरेजपुढच्या अंगणावर उघडणाऱ्या खिडकीशी बसू लागले, आणि गाडी धाकट्याच्या हातात आली. त्याने चाकांचा, लालभडक रंगाचा नवा जॅक आणला. चार वेळा दांडा दाबला की गाडी वर, दांडा डावीकडे फिरवला की खाली. मग मला कोण विचारतो? माझी रवानगी दाराला अडसर म्हणून झाली. कोणी माझ्यावर रंगाचा डबा ठेवला, कोणी चपलेचा चिखल पुसला. मला राग यायचा. पण रागापेक्षा भीती जास्त वाटायची, कारण मी दारात असलो की गाडीखाली कोणीच नसायचं.

त्या दिवशी सकाळपासूनच काहीतरी बिनसलेलं होतं. दुसऱ्या दिवशी बाबांना तपासणीसाठी दूरच्या इस्पितळात न्यायचं होतं आणि इंजिनचं ऑइल बदलायचं राहून गेलं होतं. धाकटा घाईत होता. ताई माहेरी आलेली, म्हणून तिला मदतीला घेतलं. गॅरेजपुढच्या अंगणात गाडीची डावी बाजू वर गेली. जॅक कुरकुरला. त्याच्या पोटातून बारीक फुसफुस ऐकू आली आणि मी मनात म्हटलं, हा आज घात करणार.

ताई होती म्हणून असेल, पण धाकट्याने त्या दिवशी मला बसवलं, हे खरं. पण ऑइलचा बोल्ट गंजून घट्ट बसला होता. जोर मिळावा म्हणून त्याने पान्याच्या दांड्याला लांब पाइप लावला, आणि त्या पाइपला फिरायला माझी अडचण झाली. त्याने मला लाथेने दूर सारलं. मी भिंतीशी जाऊन आपटलो.

वरून बाबांचा आवाज आला. "पाहुणा बसला का रे?"

"बसला, बसला!" गाडीखालून धाकटा म्हणाला.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी गल्ली डोक्यावर घेतली असती. पण ताईने मला भिंतीशी पाहिलं होतं. तिने मला पायाने ढकलत, पाइपच्या वाटेत येणार नाही इतकं मागे, पट्टीखाली सरकवलं. मी तिरका बसलो, पण बसलो. मग ती पुन्हा जॅकचा दांडा धरून उभी राहिली. धाकट्याने तिला दोनदा बजावलं होतं, "मी सोड म्हटलं की दांडा लगेच डावीकडे फिरव. विचार करत बसू नकोस."

बोल्ट अखेर करकरत सैल झाला. काळं ऑइल टबात पडू लागलं. आता धोका टळला असं कोणालाही वाटलं असतं. मला मात्र त्या फुसफुसीने स्वस्थता नव्हती. माझा सगळा संशय त्या लाल जॅकवर होता.

"ही गाडी विकून टाक," ताई म्हणाली. "उद्या बाबांना टॅक्सीने नेऊ. रस्त्यात बंद पडली म्हणजे?"

"पडणार नाही."

"तू ऐकतच नाहीस कोणाचं. बाबांचं वय बघ."

"तू महिन्यातून एकदा येतेस आणि मला शिकवतेस?"

तिने तोंड फिरवून खिडकीकडे पाहिलं. "मी रोज येत नाही म्हणून मला काळजी नाही का रे? मागच्या वेळी बाबा पडले तेव्हा मला कळवलंसुद्धा नाहीस..."

"सोड ना आता!" धाकटा वैतागून ओरडला.

विषय सोड, असं त्याला म्हणायचं होतं. पण ताईच्या हाताने फक्त "सोड" ऐकलं, आणि तिला कळायच्या आत दांडा डावीकडे फिरला.

जॅकने काहीही दगा दिला नाही. त्याला सांगितलं तेच त्याने केलं. गाडी धाडकन माझ्यावर आली. माझ्या अंगातून कडकड आवाज गेला आणि वरपासून खालपर्यंत तडा पडला. मी तिरका बसल्याने गाडी जरा जास्तच खाली आली, आणि धाकट्याची छाती तिच्या पोटाखाली आवळली गेली. तो चिरडला नाही, पण त्याला श्वास पुरेना, ओरडता येईना. नुसते पाय हलत होते. मी सरकलो असतो तर संपलंच होतं. मला दात नाहीत, पण दातओठ खाऊन म्हणतात ना, तसा मी धरून राहिलो.

ताई दांडा वरखाली दाबू लागली. गाडी हलेना. "वर येत नाहीये! बाबा, वर येत नाहीये!"

खिडकीतून बाबा कठड्याला धरून अर्धे बाहेर वाकले. "दाबू नकोस! आधी उजवीकडे फिरव. घट्ट. अजून घट्ट. झालं? आता दाब. सावकाश, बेटा."

ताईने रडत रडत दांडा आवळला आणि दाबला. गाडी केसभर उचलली. मग बोटभर. धाकट्याने लांब, घरघरता श्वास घेतला आणि पाठीवरच घसटत बाहेर आला. ताई त्याला कवटाळून बसली.

वरून बाबांनी विचारलं. "पाहुणा बसला होता ना?"

धाकट्याने मान खाली घातली. "मी काढला होता, बाबा. ताईने बसवला."

मला आधी नीट सरळ बसवून त्याच संध्याकाळी बोल्ट परत आवळला आणि नवं ऑइल भरलं गेलं. गाडी उतरवताना धाकटा "उतरव" म्हणाला. त्या घरात जॅकपाशी "सोड" हा शब्द पुन्हा कोणी उच्चारला नाही. माझ्या तड्याभोवती त्याने लोखंडी पट्टी ठोकली. पण लाकूड आतून फाकत चाललंय, हे मला कळतं. पुढच्या वेळी मी तग धरेन का, हे मला सांगता येत नाही. म्हणून मित्रांनो, जे नुसतं बसून असतं, त्याला बिनकामाचं समजू नका. त्याला जपा, आणि ते खरंच जागेवर आहे का, हे वाकून बघा.

आता वरची खिडकी बंद असते. बाबांची खुर्चीही तिथे नाही. तरी गाडी वर चढली की धाकटा गुडघे टेकतो, मला हात लावून बघतो, आणि त्या बंद खिडकीकडे मान वर करून म्हणतो, "बसला, बाबा."