रुंद बटणावरचं गंध

दुपारी चांगला चाललेला लॅपटॉप संध्याकाळी अडून बसला, आणि त्याचं कारण सरोजाला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं. नैवेद्याच्या सुंडलासाठी, हरभऱ्यांच्या उसळीसाठी, ती फोडणी करत होती, पण मोहरी कढईत कमी आणि ओट्यावर जास्त पडत होती. बाहेरच्या खोलीतून सुनेचं एकच पालुपद चाललं होतं.

“पासवर्ड चुकीचा म्हणे! अरे, मीच ठेवलाय ना तो? दुपारी घेतलास की मुकाट!”

ऊर्मी मूळची सांगलीची. लग्न करून तमिळ मुलखात, नुंगंबाक्कमच्या या घरात आली तेव्हा सासूचं तंजावरी मराठी ऐकून तिला हसू आवरेना. “आई, तुम्ही बखरीतून बोलता,” म्हणायची. मग सहाना झाली, आणि कार्टून फिल्म बनवणारी ही हुशार पोरगी डबे भरण्यात आणि शाळेच्या गाडीची वाट बघण्यात गुंतून पडली. आता सहाना पहिलीत गेल्यावर कुठे सिरुसेरीच्या एका नव्या, लहानशा कंपनीतून बोलावणं आलं होतं. मालक मुहूर्त पाळणारा, म्हणून विजयादशमीलाच यायला सांगितलं. स्वतःची फिल्म, स्वतःच्या लॅपटॉपवर, आणि तीसुद्धा विंडोजवर नाही, त्यांच्याकडे चालते त्या लिनक्सवर दाखवायची. म्हणजे उद्या सकाळी. फिल्म दिसली तर नोकरी, नाही दिसली तर पुन्हा डबे.

आणि आज नवमी, आयुधपूजा. ज्याच्यावर घर चालतं त्या सगळ्याला आज गंध-कुंकू लागायचं. विळीला लागलं, मुलाच्या स्कूटरला लागलं, सहानाच्या पाटीलाही लागलं. मुलगा हरिप्रसाद तर सकाळपासून इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात यंत्रांच्या पूजेलाच गेला होता. एकदा पूजेत ठेवलेली वस्तू विजयादशमीच्या सकाळपर्यंत उचलायची नाही, हा नेम. ऊर्मीने दोन्ही हात जोडले होते, “आई, तासभरच ठेवते. मला आज त्यात नवी सिस्टिम टाकायचीय. आणि गंध फक्त झाकणावर हं, आत काही लावू नका. शप्पथ?”

“शप्पथ,” सरोजा म्हणाली होती.

आणि मोडली की हो तिने! ऊर्मी आंघोळीला गेली न गेली तोच सरोजाने झाकण उघडलं. झाकणावर गंध लावणं म्हणजे विळीच्या पाटाला लावून पात्याला विसरणं, असं तिचं मत. जिथे बोटं चालतात तिथे नको का लागायला? अक्षरांवर लावलं तर अक्षरं दिसायची नाहीत, म्हणून तिने डावीकडचं रुंद बटण निवडलं आणि त्यावर गंधाचा चांगला ठसठशीत बोट्टू, टिळा दिला. वर कुंकू. नमस्कार करून म्हणाली, “हिचं काम चालू दे.” तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली. सरोजा दचकली आणि पदराने घाईघाईने ते पुसायला गेली. वरचं निघालं, उरलेलं दाबाने फटीत गेलं, आणि बटण जे खाली बसलं ते बसलंच. तिने झाकण लावलं आणि मूग गिळले.

दुपारभर ऊर्मीची चिडचिड ऐकू येत होती. जुनं सगळं पुसून नवी सिस्टिम घालताना वायफायचा पासवर्ड लागेना. नाव टाइप केलं तर ते आपलं सगळंच्या सगळं मोठ्या अक्षरांत. “नव्या सिस्टिमचा कीबोर्ड धड नाही,” ती पुटपुटली. “असू दे, उद्या बघू. माझं काम माऊसवर चालतं.” लॅपटॉप उघडायला नव्या सिस्टिमलाही तिने आपला नेहमीचाच पासवर्ड दोनदा घालून दिला, तो तिने घेतला. बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हाही घेतला. फिल्म पेनड्राइव्हवरून आत आणली, चालवून पाहिली आणि खूश झाली. पेनड्राइव्ह रिकामा करून मोकळी झाली, कारण उद्या त्यांच्याकडची फाइल आणायला तो लागणार होता. मग सहानाला पावाडै-परकर नेसवून शेजारच्या त्रिपुरसुंदरींच्या घरी गोलूच्या बाहुल्या बघायला घेऊन गेली.

घरात कुणी नाही असं बघून सरोजाने दात कोरायची काडी आणि ओल्या रुमालाचं टोक घेतलं. तरुणपणी ती टायपिंग करायची, अडकलेलं बटण सोडवणं तिच्या हातचं होतं. वाळलेलं गंध कोरलं, पुसलं, आणि टक् करून बटण वर आलं. हुश्श! आता पोरीची चिडचिड थांबेल, कुणाला काही कळायचंही नाही, म्हणून ती मोठ्या समाधानाने हरभरे शिजवायला गेली होती.

ऊर्मी सहानाला तिथेच खेळत ठेवून परतली, आणि आता हे असं. पाणीच गेलं असणार आत. रुमाल जरा जास्तच ओला होता. अय्यो, सरोजा, कुठून सुचली ही बुद्धी तुला!

बाहेर ऊर्मीने पुण्याच्या चुलतभावाला, अद्वयला फोन लावला होता. तो कॉम्प्युटरच्याच धंद्यातला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे त्याचा शब्द न् शब्द स्वयंपाकघरात येत होता.

“भाषेचा लेआउट बदललायस का? तिथे कोपऱ्यात काय दिसतंय?”

“इंग्रजीच आहे. बदलून, परत आणून पाहिलं.”

“कॅप्स लॉक?”

“अद्वय, मी काय काल जन्मले?”

“बरं बाई. दुसरा कीबोर्ड लावून बघ. लॅपटॉपचं बटण गेलं असेल तर लगेच कळेल.”

ऊर्मी त्रिपुरसुंदरींकडून वायरचा कीबोर्ड मागून आली, लावला, पासवर्ड घातला. पुन्हा चुकीचा.

“मग बटणांचा दोष नाही. ऊर्मी, रागावू नको, पण तू पासवर्डच विसरली आहेस.”

“तीन वर्षं तोच वापरतेय मी!”

“मग मला माहीत नाही. ही डिस्क कुलूपबंद आहे, पासवर्डशिवाय तिथलं काही निघत नाही. फिल्मची दुसरी कॉपी असेल ना?”

“पेनड्राइव्हवर होती. दुपारी मीच पुसली,” ऊर्मी म्हणाली. सरोजाने गॅस बंद केला. बटणांचा दोष नाही म्हणतो तो, तिने स्वतःला समजावलं. मग आपण कशाला बोलायचं? पण जिवाची तगमग काही थांबेना. ती दारापर्यंत गेली, परत फिरली, धुतलेली वाटी पुन्हा धुतली आणि पुन्हा दाराशी आली.

ऊर्मी देवासमोर उभी होती. पूजेतली बाकीची हत्यारं तशीच मांडलेली होती, मध्ये लॅपटॉपएवढी जागा रिकामी. डोळे पुसत ती म्हणाली, “आई, पूजेतून उचलला म्हणून झालं का हो हे? मी ऐकलं नाही कुणाचं. एवढी घाई कशाला केली मी? जाऊ दे, नसेलच माझ्या नशिबात ती नोकरी.”

आता खरं तर सरोजाची आयती सुटका होत होती. हो म्हटलं असतं, नुसती मान हलवली असती, तरी सगळा दोष देवाच्या आणि सुनेच्या पदरात पडला असता. पण ते नशिबाचं वाक्य सरोजाने आधी ऐकलेलं होतं. तिच्या स्वतःच्याच तोंडून.

“देव असं करत नाही,” ती एकदम म्हणाली. “मी केलं. मी आत गंध लावलं.”

ऊर्मी वळली. मग सरोजाने न थांबता सगळं सांगून टाकलं. बोट्टू, पदर, खाली बसलेलं बटण, काडी, ओला रुमाल. सांगताना तिचा तंजावरी हेल वाढत गेला, मधूनच तमिळ येऊ लागलं.

“शप्पथ घेतली होती तुम्ही!” ऊर्मी ओरडली. “एक गोष्ट मागितली होती मी. एकच! की तुम्हाला नकोच आहे मी नोकरी केलेली? मुद्दाम केलंत का?”

ते मात्र सरोजाला लागलं. ती भिंतीला धरून खाली बसली.

“माझं एक मशीन होतं,” ती म्हणाली. “टायपिंगचं. लग्नानंतर घरी सराव करत होते, रेल्वेच्या परीक्षेसाठी. आयुधपूजेला सासूबाईंनी ते पूजेत ठेवलं. माहेरी त्याच रुंद बटणावर गंध लावायची मी, दर वर्षी. दुसऱ्या दिवशी उचलायला गेले तर मशीन माळ्यावर. म्हणाल्या, पूजेच्या वस्तूला घाई करू नये. ते काही परत खाली आलं नाही. मीसुद्धा म्हटलं, नसेल नशिबात.” तिने नाक ओढलं. “तुझं थांबू नये म्हणून लावलं गं मी. मुद्दाम कसं करेन?”

फोन अजून चालूच होता, हे दोघीही विसरल्या होत्या.

“काकू,” फोनमधून अद्वय चाचरत म्हणाला, “कुठलं बटण म्हणालात?”

“डावीकडचं. शिफ्ट.”

“आणि ते दुपारभर खाली होतं? ऊर्मीने पासवर्ड ठेवला तेव्हासुद्धा?”

“हो.”

“अगं ऊर्मी! म्हणून तुझं नाव मोठ्या अक्षरांत आलं! पासवर्ड टाकताना नुसते ठिपके दिसतात, तुला कसं कळणार? सगळी अक्षरं मोठी गेलीत, आकड्यांच्या जागी वरची चिन्हं गेलीत. बटण अडकलेलं होतं तोवर कुलूप उघडत होतं. काकूंनी ते सोडवलं, म्हणून आता उघडत नाही. बिघडलं काहीच नाहीये. शिफ्ट दाबून धर आणि नेहमीचा पासवर्ड टाक!”

ऊर्मी धावली. लॅपटॉप ओढून खाली सरोजाशेजारीच बसली. पण घाईत एकदा बटण निसटलं, एकदा भलतंच अक्षर दाबलं गेलं. पडद्याने दोन्हीदा चुकीचा म्हणून सांगितलं.

“आई, तुम्ही धरा,” ती म्हणाली.

“मी? नको गं बाई. आता हात लावणार नाही मी त्याला.”

“धरा म्हणते ना. तुमच्या हाताला सवय आहे. आणि सोडू नका.”

सरोजाने बोट पदराला पुसलं, मग पुन्हा एकदा पुसलं, आणि डाव्या करंगळीने ते रुंद बटण दाबलं. इतक्या वर्षांनी करंगळी आपोआप त्या जागी गेली. ऊर्मी एकेक अक्षर बघून दाबू लागली. ठिपके वाढत गेले.

पडदा काळा झाला. मग उजळला.

ऊर्मीने फिल्म उघडली. एक छोटी मुलगी छत्री घेऊन समुद्राकडे पळत निघाली. “आहे! आहे, अद्वय, सगळी आहे!” ती रडतरडत हसू लागली. “आई, झालं. सोडा आता.”

“नक्की ना?”

“नक्की.”

तेव्हा कुठे सरोजाने बोट उचललं. करंगळीला मुंग्या आल्या होत्या. ऊर्मीने फिल्म पुन्हा पेनड्राइव्हवर घेतली, या वेळी लॅपटॉपवरची तशीच ठेवून, आणि लॅपटॉप बंद केला. मग तो दोन्ही हातांत धरून ती देवासमोरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

“आई, नेम तर मोडलाच आहे,” ती हळूच म्हणाली. “रात्रीपुरता ठेवू का परत पूजेत? सकाळी उचलेन.”

सरोजा गुडघ्यावर हात टेकून उठली. पूजेतली विळी तिने जरा डावीकडे सरकवली, सहानाची पाटी जरा उजवीकडे, आणि ती रिकामी जागा बुजवून टाकली.

“नको,” ती म्हणाली. “तुझ्या उशाशी ठेव.”