गणेशपट्टी

चंद्रहासांनी जमिनीवरचा एक चपटा दगड उचलला, हातात फिरवून पाहिला आणि कुणाला न विचारता भिंतीवर ठेवला.

"बाबा, अहो!" मनाली म्हणाली. "त्यांचं घर आहे ते."

घर अजून व्हायचं होतं. तीन भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. चौथीत दारासाठी जागा सोडली होती आणि तिच्या दोन्ही बाजू खांद्याइतक्या चढल्या होत्या. शेजारी चाकं काढून दगडांवर टेकवलेली एक जुनी बस होती. घर बांधणारा कॉलिन सध्या तिच्यात राहायचा. सत्तरीचा माणूस, अंगात शॉर्ट्स, पायांत रबरी चपला, मान उन्हाने विटकरी झालेली. त्याने चंद्रहासांनी ठेवलेला दगड अंगठ्याने दाबून पाहिला. दगड हलला नाही.

"नॉट बॅड," तो म्हणाला आणि दुसरा दगड त्यांच्या हातात दिला.

मनालीने बघायची म्हणून ही जागा प्रवासाच्या यादीत घातली होती. सेंट्रल ओटॅगोचे कोरडे डोंगर, त्यांच्या कुशीत सोनं शोधणाऱ्यांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी उकरून टाकलेल्या दगडांचं माळरान, आणि त्यावर कुणाची परवानगी न घेता राहणारी दहा-बारा माणसं. वीज नाही, नळ नाही. छपरांवर सोलरचे पत्रे, नदीवरून ड्रमने आणलेलं पाणी. जमीन सरकारची होती आणि अजून तरी कुणी उठवायला आलं नव्हतं. राहणारे त्या जागेला नुसतं 'फ्लॅट', म्हणजे सपाट माळ, म्हणत.

"फ्लॅट?" गाडीत चंद्रहास म्हणाले होते. "लिफ्ट आहे ना?"

वेलिंग्टनला आल्यापासून त्यांनी केलेला तो पहिला विनोद होता. मनालीची आई पुण्यात सुनेच्या बाळंतपणासाठी थांबली होती. चंद्रहास एकटेच मुलीकडे सहा महिन्यांसाठी आले होते. मनाली सकाळी ट्रेनने ऑफिसला जायची. ते खिडकीशी बसायचे, कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत चालत जायचे आणि दूध घेऊन, एक शब्दही न बोलता, परत यायचे. तिथला माणूस रोज "हाऊज इट गोइंग" विचारायचा. कुठे जायचं म्हणतो हा, असं त्यांनी पहिल्या आठवड्यात तिला विचारलं होतं. नंतर विचारणं सोडून दिलं.

इथे मात्र गाडीतून उतरल्याबरोबर त्यांनी वाळक्या गवताचा, तापल्या दगडांचा वास छाती भरून घेतला.

"दहिवडीला आल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. "इतके दिवस हिरवं बघून बघून डोळे शिणले होते."

दहिवडीला त्यांचं लहानपण गेलं होतं. पुढची नोकरी बांधकाम खात्यात झाली. आणि बांधकामाचं मराठी निम्मं इंग्रजीच असतं. लेव्हल, पॅकिंग, बाँड, कॉर्नर. डेअरीत घशात अडकणारं इंग्रजी भिंतीपाशी आपोआप सुटलं. कॉलिन एक शब्द बोलायचा, हे एक बोलायचे, मग दोघंही गप्प राहून दगड निवडायचे. मनालीने फोटो काढले, शेजारच्या कॅरॅव्हॅनमधल्या शेरिलकडून अंडी विकत घेतली, थोडा वेळ सावलीत बसली. घड्याळात पाहिलं तेव्हा चार वाजत आले होते.

दाराजवळ एक लांब, जाड तुळई पडली होती. एखाद्या पाडलेल्या शेडमधून आणलेली असावी. चंद्रहासांनी तिच्यावर हात फिरवला.

"लिंटल?"

"लिंटल," कॉलिन म्हणाला.

"आमच्याकडे दारावरच्या तुळईला गणेशपट्टी म्हणतात," ते मनालीला म्हणाले. "ही का नाही ठेवली अजून, विचार."

मनालीने विचारलं. कॉलिनने हाताने दाखवत सांगितलं. भिंती नुसत्या रचलेल्या दगडांच्या होत्या. तुळईचं एक टोक आधी चढवून दुसरं उचलायला गेलं की पहिल्याखालचे दगड सरकायचे. दोन्ही टोकं एकदमच बसायला हवीत. त्याला दोन माणसं लागतात. शेरिलची पाठ गेलेली, बाकीचे तरुण हंगामाला फळं तोडायला गेलेले.

"आणि हे दार झाल्याशिवाय छप्पर नाही," तो म्हणाला. "मे महिन्यात इथे थंडी सुरू होते, दंव गोठायला लागतं. गेल्या हिवाळ्यात बसमध्ये न्यूमोनिया झाला होता. बहीण मागे लागलीय, इन्व्हरकार्गिलला ये म्हणून. कार्पेट, हीट पंप, दाराएवढा टीव्ही." तो हसला. "तिथे गेलो की मी संपलो."

मनालीने सगळं मराठीत सांगितलं. चंद्रहासांनी तुळईकडे पाहिलं, मग शर्टाच्या बाह्या आणखी वर सारल्या.

"आत्ताच ठेवू की."

"बाबा, नाही." ती मराठीत म्हणाली, पण हसत, कॉलिनला कळू नये म्हणून. "अँजिओप्लास्टीला वर्ष नाही झालं. काही झालं तर इथून हॉस्पिटल किती लांब आहे, माहितीये?"

"बरं, आज नको. डॉक्टरला विचारू आणि पुढच्या महिन्यात येऊ. तू दुसरं टोक धर, नाहीतर तुम्ही दोघं धरा आणि मी नुसता फटींत तुकडे ठोकून पॅकिंग मारीन. सांग त्याला."

"बघू."

"बघू काय? सांग ना."

"बाबा, उशीर होतोय. अंधाराच्या आत पोचायचंय आपल्याला."

ती किल्ली काढून गाडीकडे वळली. चंद्रहासांनी हात झटकले, कॉलिनचा हात दोन्ही हातांत धरला आणि स्वतःच सांगितलं.

"आय कम."

कॉलिन थबकला. आधी त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग मनालीकडे. त्याच्या चेहऱ्यावर जी आशा आली होती, तिची तिला भीती वाटली. विमानाची तिकिटं, रजा, वडिलांच्या छातीतला स्टेंट, हा अनोळखी म्हातारा आणि त्याचं बेकायदा घर, हे सगळं एकदम तिच्या अंगावर आलं.

"व्हेन?" कॉलिनने विचारलं.

रोज सकाळी मनाली घाईत "जाते, बाबा" म्हणून दार ओढायची आणि आतून आवाज यायचा, "जाते नाही, येते म्हण." कधीकधी त्यासाठी ती दोन पायऱ्या परत चढायची. ते तिला आत्ता सुचलं.

"तसं नाही," ती इंग्रजीत, हसत म्हणाली. "ती आमच्या भाषेतली पद्धत आहे. निघताना आम्ही 'जातो' म्हणत नाही, अशुभ मानतात. 'येतो' म्हणतात. दॅट्स जस्ट हाऊ वी से गुडबाय."

"आह," कॉलिन म्हणाला. "राइट." त्याने एकदा तुळईकडे पाहिलं. "छान आहे पद्धत." मग चंद्रहासांचा हात आणखी थोडा वेळ धरून सोडला.

"काय म्हणाला?" गाडीत बसताना चंद्रहासांनी विचारलं.

"काही नाही. बाय म्हणाला."

ती खोटं बोलली नव्हती. कॉलिनशीही नाही. अलेक्झांड्रा गावापर्यंतच्या रस्त्यावर तिने स्वतःला हे एकदा सांगितलं आणि मग रेडिओ लावला.

वेलिंग्टनला परतल्यावर चंद्रहास डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, जपून करा, पण करायला हरकत नाही. येताना त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून चामड्याचे हातमोजे आणले आणि चपलांच्या रॅकवर, डोळ्यांसमोर राहतील असे ठेवले. डेअरीतल्या माणसाला आता ते "गुड, गुड" म्हणू लागले होते. मार्चमध्ये त्यांनी तिकिटांचं विचारलं. मनालीच्या प्रोजेक्टचं रिलीज होतं. मार्च संपता संपता परत विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तिथे जायला एक दिवस, यायला एक दिवस. एका लाकडासाठी?"

एप्रिलमध्ये त्यांनी विचारलं नाही. हातमोजे रॅकवरून त्यांच्या बॅगेत गेले. ते तिला कपाट आवरताना दिसले. त्या संध्याकाळी तिने मे महिन्यातली तिकिटं काढली. त्यांच्या परतीच्या आधीचा शेवटचा शनिवार-रविवार होता.

फ्लॅटवरचे पॉप्लर पिवळे होऊन झडले होते. ऊन होतं, पण सावलीतलं गवत दुपारीही गोठल्या दंवाने पांढरं होतं. बसच्या खिडक्यांना आतून पुठ्ठे लावले होते. दार कुलूपबंद होतं. तीन भिंती आता छातीपर्यंत आल्या होत्या. दाराची जागा वरून उघडीच होती. तुळई जिथे होती तिथेच, गोणपाटाने झाकलेली.

शेरिल कॅरॅव्हॅनमधून बाहेर आली. डोक्यावर लोकरीची टोपी, हातात मग.

"कॉलिन? ईस्टरनंतर गेला बहिणीकडे. भिंती करत होता तोपर्यंत." तिने चंद्रहासांना ओळखलं. "तुम्ही ना ते? मी म्हटलं होतं त्याला, तो तुझा इंडियन मेट येतो म्हणालाय, थांब की जरा. तर म्हणाला, नो, द डॉटर टोल्ड मी. इट्स जस्ट हाऊ दे से गुडबाय."

मनालीने तुळईकडे पाहिलं.

"मागच्या आठवड्यात फोन केला मी त्याला," शेरिल सांगत राहिली. "फार बोलला नाही. मागे टीव्ही चालू होता."

"काय म्हणतात त्या?" चंद्रहासांनी विचारलं.

"थंडी वाढली म्हणून तो बहिणीकडे गेला, म्हणतात."

"आणखी?"

"तेवढंच."

चंद्रहासांनी मान हलवली. 'डॉटर' त्यांना कळत होतं. 'गुडबाय' कळत होतं. त्यांनी मनालीकडे पाहिलं नाही. खिशातून हातमोजे काढले, एकेक बोट नीट बसवत घातले आणि जाऊन गोणपाट बाजूला केलं.

"ये. ते टोक धर."

"बाबा, तो नाहीये आता. कशासाठी—"

"धर."

तिने धरलं. लाकूड तिला वाटलं होतं तितकं जड नव्हतं. "एकदम हं," ते म्हणाले, "माझ्याकडे बघ, भिंतीकडे नको," आणि दोघांनी ते उचललं, छातीला टेकवलं, मग खांद्याच्या वर नेलं. दोन्ही टोकं बरोबर बसली. चंद्रहासांनी दोन बाजूंना दोन चपटे तुकडे ठोकले, तळव्याने तुळई हलवून पाहिली आणि मागे सरले. त्यांना धाप लागली होती, पण थोडीच. शेरिलच्या मगमधला चहा अजून वाफाळत होता.

"वेल," शेरिल म्हणाली. "देअर यू गो."

ते दारात उभे राहिले. आत जमिनीवर गवत होतं, वर आभाळ. त्यांनी हातमोजे काढले, एकात एक घातले आणि गणेशपट्टीवर, भिंतीच्या आतल्या बाजूला ठेवून दिले. मग वाकून दारातून बाहेर आले.

मनाली आधीच गाडीत बसली होती. काच खाली होती. त्यांना काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, याची ती जुळवाजुळव करत होती. चंद्रहास शेरिलपाशी थांबले. त्यांनी हात जोडले. मग शब्द शोधल्यासारखे क्षणभर थांबले आणि स्पष्ट, सावकाश म्हणाले,

"आय गो."

शेरिलला त्यात काही वावगं वाटलं नाही. "ऑल गुड," ती म्हणाली. "सी यू."

ते येऊन शेजारी बसले, पट्टा लावला आणि समोर बघत राहिले. मनालीचा हात किल्लीवर होता. तो तसाच राहिला.