दुसरं बटण

आमच्या दुकानावर पाटी आहे, ‘कपड्यांची दुरुस्ती केली जाईल’, आणि ती खोटी नाही. मामाच्या लाँड्रीतून धुतलेल्या जुन्या कोटांचे गठ्ठे येतात. आम्ही बहिणी त्यांची फाटकी अस्तरं बदलतो, तुटकी बटणं लावतो आणि ते कोट व्हॅनमधून वर, थंडीच्या शहरात विकायला जातात. त्यातल्या काही कोटांच्या खांद्यांत कापसाच्या गादीऐवजी पावडर असते. तेवढं पाटीवर लिहिलेलं नाही.

मामा आमचा सख्खा मामा नव्हे. बाबा गेल्यावर त्याने काम दिलं, आधी साधं आणि मग हे. नाही म्हणायची वेळ कधी येऊन गेली ते कळलंसुद्धा नाही. पोलीस चौकीचे गणवेश त्याच्याच लाँड्रीत फुकट धुतले जातात, त्यामुळे तक्रार कुठे करायची हा प्रश्नही आमच्यापुरता सुटलेला होता.

त्याचा नियम एकच, काही लिहायचं नाही आणि फोनवर बोलायचं नाही. खूण बटणात. कोटाचं बटण चार भोकांचं असतं. साध्या कोटाला आम्ही दोरा दोन सरळ रेघांत घालतो. माल असलेल्या कोटाचं वरून दुसरं बटण तेवढं फुलीच्या टाक्याने लावायचं. वर घेणाऱ्यांचा माणूस गठ्ठा सोडतो, प्रत्येक कोटाच्या दुसऱ्या बटणावर अंगठा फिरवतो आणि फुली लागली की खांदा उसवतो. बाकीचे कोट बाजारात जातात. शिवतं कोण, हे वरच्यांना मामाने कधी सांगितलं नाही. आमच्यावरच्या मायेने नव्हे, त्यांनी आम्हाला परस्पर पळवू नये म्हणून.

खांदे धाकटी भरायची, फुलीचे टाकेही तीच घालायची. तिच्या हातासारखा हात मी पाहिला नाही. माझं काम साध्या कोटांची बटणं लावायची, गिऱ्हाईक बघायचं, आईला सांभाळायचं आणि कटकट करायची. चारही कामं मी मन लावून करते.

व्हॅन चालवायचा तो पाहुणा. हे नाव आईने ठेवलं, कारण तो खुर्चीच्या कडेवर बसायचा आणि चहा संपायच्या आत उठायचा. बडबड्या इतका की गठ्ठे उचलतानाही तोंड बंद नाही. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. अशा धंद्यातला माणूस आणि पायात सतत निघायची घाई, बहिणीसाठी कोण असा शोधेल? पण धाकटी चाळिशीला आली होती, आणि त्याच्या व्हॅनचा आवाज आला की मशीन थांबवून केस सारखे करायची. मी बोलायचं सोडून दिलं. कटकटीलाही मर्यादा असते.

दोघांचं बोलणं असं काही नसायचं. तो रस्त्यातल्या गमती सांगायचा, ती मान खाली घालून शिवायची आणि मधेच हसायची. त्याला शिवण शिकवायचा तिने एकदा प्रयत्न केला. सुईत दोरा ओवता ओवता तो घामाघूम झाला, शेवटी सुई त्याने टेबलावर ठेवली आणि म्हणाला, यापेक्षा घाटात व्हॅन मागे घेणं सोपं. आई त्या दिवशी इतकी हसली की तिला ठसका लागला.

शेवटच्या खेपेच्या सकाळी त्याच्या स्वतःच्या कोटाचं बटण लोंबत होतं. धाकटीने त्याला काढूही दिला नाही कोट. तो उभ्यानेच चहा पीत होता आणि ती त्याच्या छातीशी वाकून बटण लावत होती. दोरा तोडायला तिने कात्री घेतली नाही, दातांनी तोडला. मला लाज वाटली आणि मी उगाच कपाटातली रिळं लावायला लागले. तेव्हा मान वळवली नसती तर टाका दिसला असता. असो.

ठरलेल्या दिवशी व्हॅन आली नाही. घाटात अडकला असेल, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं, पण आवाज जरा चढवून. धाकटी हाताला चाळा म्हणून आईचा स्वेटर घेऊन बसली, त्याचं एक बटण सैल झालं होतं. मी समोर बसून बघत होते. सुई वर आली, तिरकी गेली, पुन्हा वर आली आणि उलटी तिरकी गेली.

मी स्वेटर तिच्या हातातून ओढून घेतला. फुली होती. त्यावरची बाकीची सगळी बटणं पाहिली, ती तिने मागेच कधीतरी लावलेली, त्यांनाही फुली.

“त्याचं बटण कसं लावलंस?” मी विचारलं.

तिचे हात मांडीवर तसेच राहिले. चेहऱ्यावरून कळत होतं की ती तो टाका मनात पुन्हा घालून बघतेय. मग म्हणाली, “कुठलं बटण होतं ते, ताई? वरून दुसरं ना?”

वर लाँड्रीसारखीच गरम खोली असणार, इस्त्र्या चालू असणार. त्याने कोट काढून गठ्ठ्यावर टाकला असणार. त्याला कुठेही कोट टाकायची सवयच होती, आमच्याकडेही मी दर खेपेला उचलून ठेवायचे. तिथे कोणाचा तरी अंगठा त्या बटणावर गेला असणार, आणि खांद्यात निघाला असणार नुसता कापूस.

मग मी घरातला कपडा न् कपडा काढला. माझे ब्लाउज, आईचे झगे, उशांचे अभ्रे. समोरच्या जिन्याखाली एक जण दिवसभर अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी बसलेला असतो, आमच्याच मालावर जगतो आणि मरतो म्हणा, त्याच्या शर्टालासुद्धा धाकटीने दया येऊन बटणं लावली होती. तो शर्ट मी त्याच्या अंगावरून उतरवला, त्याने विचारलंही नाही का ते. सगळीकडे फुली. इतकी वर्षं एकच टाका घालून तिचा हात तिचा राहिलाच नव्हता. हे मामाला दाखवलं की त्याला पटणार होतं. तो आपला नियम मोडून एक फोन करणार होता आणि पाहुणा परत येणार होता. त्याच्या जिवाची काय ती खात्री माझ्या त्या बोचक्यात होती. धाकटीला आईजवळ बसवून मी निघाले.

मामा लाँड्रीत वाफेच्या यंत्रामागे बसला होता. कपाळावर ओला रुमाल, पाय स्टुलावर. म्हातारा झालाय हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. मी बोचकं सोडलं, एकेक कपडा समोर टाकला, बटणं दाखवली आणि सगळं सांगितलं. माल कमी नव्हता, तो कोट मालाचा नव्हताच. तो त्याचा स्वतःचा, आणि बटण माझ्या वेड्या बहिणीने प्रेमाने लावलेलं.

त्याने शर्टाच्या बटणावर अंगठा फिरवला. “मला ठाऊक आहे, थोरले,” तो म्हणाला. “मी दिला तेवढा माल पोचलाय. ते मला पहिल्याच दिवशी कळलं. पण वरचे फुल्या मोजतात, त्यांच्या हिशेबात एका फुलीचा माल कमी भरला.”

मग फोन का नाही केला, मी विचारलं. त्याने शांतपणे समजावलं, एखाद्या गिऱ्हाइकाला डाग का निघत नाही हे समजावावं तसं. वरच्यांनी पाहुण्याला विचारलं, फुली आहे तर माल कुठाय? तो म्हणाला, कोट माझा आहे. ते हसले. मग त्यांनी विचारलं, हे बटण शिवलं कोणी? तिचं नाव सांगितलं असतं तर ते खाली आले असते, तुमच्या दारात.

“मग काय सांगितलं त्याने?”

“म्हणाला, मीच शिवलं. माल काढला, आपल्या कोटाला फुली मारून गठ्ठ्यात सरकवला, म्हणजे संख्या जुळेल.” मामाने रुमाल उलटा करून पुन्हा कपाळावर ठेवला. “चांगली रचली होती गोष्ट. बोलायला हुशारच होता.”

होता, हा शब्द मी ऐकला. तरी म्हटलं, अजून सांग त्यांना, चूक झाली म्हणावं. मामा म्हणाला की फुली चुकीची असू शकते असं एकदा कबूल केलं, तर उद्यापासून एकाही बटणावर कोणी विश्वास ठेवणार नाही. धंदा बटणावर चाललाय. आणि आता सांगून उपयोगही नव्हता, व्हॅन दुसऱ्या माणसाने आणून लावलीये मागे. मग तो उठला, परतीच्या गठ्ठ्यातून एक कोट काढला आणि माझ्या बोचक्यावर ठेवला. खांदे उसवलेले, कापूस बाहेर आलेला. “अस्तर लावून दे. कोट चांगला आहे,” तो म्हणाला. मला वाटतं आपण वाईट बोलतोय असं त्याला वाटलंच नाही. आणि जाताना त्याने सांगितलं की खूण बदलावी लागेल, धाकटीला म्हणावं घरातली सगळी बटणं उसव.

मी त्याच्या तोंडावर थुंकायला हवं होतं. मी बोचकं बांधलं. वाटेत जिन्याखालच्याला त्याचा शर्ट घातला, हात धरून एकेक बाही चढवावी लागली.

घरी धाकटी दारातच होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, बोचक्याकडे पाहिलं आणि कोट ओढून काढला. तो मांडीवर घेऊन ती बराच वेळ दुसरं बटण बोटाने चाचपत राहिली. मी म्हटलं, मामाला सगळं माहीत होतं. म्हटलं, उशीर झाला.

“त्यांनी विचारलं असेल ना, कोणी शिवलं म्हणून?” ती म्हणाली. “काय म्हणाला तो?”

खोटं बोलायचं ठरवूनच मी घरात शिरले होते, पण ते जमलं नाही. “म्हणाला, मीच शिवलं.”

ती अगदी हळू, जणू मीच त्याच्यावर काही आळ घेतलाय आणि ती त्याची बाजू मांडतेय अशी, म्हणाली, “ताई, त्याला सुईत दोरा ओवता येत नव्हता गं.”

आणि मग ती रडली. मी तिला लहानपणी धरायचे तशी धरली. मला तो आवडला नव्हता, हे मी आता कोणाला सांगणार होते?

जरा वेळाने तिने डोळे पुसले, सुई घेतली आणि खांद्यात कापूस नीट भरून अस्तर शिवायला लागली. बटणाला तिने हात लावला नाही. मीही उसव म्हटलं नाही.

आतून आईने हाक मारली. तिला दाराचा आवाज आला असणार. विचारत होती, पाहुणा आला का, चहा टाकायचा का.

“नाही आई,” मी म्हटलं. “त्याचा कोट आलाय.”