भवानीच्या आधीचा निरोप

मी कमळच्या हृदयातली निरोपी बोलतेय. नावाने आरएनए, अंगाने धाग्याचा एवढासा तुकडा. पेशीतल्या तंतुकणिकेत, म्हणजे तिच्या ऊर्जाघरात, माझा जन्म झाला. आमच्यावरून प्रथिनं बनत नाहीत, म्हणून शास्त्रज्ञ आम्हाला कितीतरी वर्षं अडगळ समजत होते. समजू देत बापडे! ऊर्जाघरात काही बिघडलं की बाहेर पडायचं, केंद्रक गाठायचं आणि तिकडचा हालहवाल त्याच्या कानावर घालायचा, हे आमचं काम. मग कुठली जनुकं जागी करायची, कुठली निजवायची, ते केंद्रक बघतं.

कमळ वेसाव्याची कोळीण. अंधेरीच्या बाजारात तिचा मासळीचा ओटा. जीभ तिखट, पण वाट्यावर चार कोळंब्या जास्त टाकल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. आज सकाळी ती ओट्यावर बसली आणि तिच्या हृदयाला रक्त नेणारी एक नळी तुंबली. ऊर्जाघरात प्राणवायू पोचेना. त्या धांदलीत मी जन्मले आणि तडक केंद्रकाकडे धावले. त्याने माझं ऐकलं हो! दुरुस्तीचे हुकूमही सोडले. पण रक्तच येत नव्हतं, तिथे हुकूम काय करणार? नळी डॉक्टरांनीच मोकळी करायला हवी होती, आणि इस्पितळ रिक्षाने अगदी जवळ होतं.

तिची लेक नेत्रा शेजारी बर्फ फोडत होती.

"आये, किती घाम आलाय बघ. चल ना डॉक्टरकडे."

"पाटी उचलून हात भरून आलाय गं. भवानी झाल्याबिगर ओटा सोडाचा नाय."

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. तिच्याआधी उठलं तर दिवस रिकामा जातो, असं कमळच्या आजीपासून चालत आलेलं. त्यात आज श्रावणी सोमवार. नेहमीची निम्मी गिऱ्हाइकं मासळीकडे ढुंकून बघत नव्हती. कमळचा जबडा दुखायला लागला, तर तिने दात समजून लवंग धरली. मला रडू येत होतं.

"मग मीच घेते हे सगळे बोंबील," नेत्रा रडकुंडीला आली. "झाली भवानी! आता तरी ऊठ."

"येडी का काय? घरच्या माणसाची भवानी धरत नाय."

शेवटी एक बाई आली, पापलेट घेऊन गेली. कमळने नोट कपाळाला लावली, समाधानाने हसली, "चल आता," म्हणाली, आणि उठता उठता नेत्राच्या अंगावर कोसळली.

पेशी फुटली, तशी मी रक्तात सांडले. इस्पितळात सुईवाटे तपासणीच्या नळीत आले. नळी अजून टेबलावरच आहे. कमळ गेली. आता तिचं रक्त तपासून कुणाला काय करायचंय?

"आधी आणलं असतं तर?" नेत्रा डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारतेय. डॉक्टर तिला धरून बाकावर बसवताहेत. मीही फार वेळ टिकणार नाही, आमचं आयुष्यच तेवढं असतं.

नेत्रा, माझा आवाज तुला यायचा नाही, तरी सांगते. तुझ्या पेशींमधली ऊर्जाघरं तुझ्या आईकडून आलीत, बापाकडून ती येत नाहीत. सकाळपासून तुझ्या पोटात अन्नाचा कण नाही. त्या ऊर्जाघरांतून माझ्या बहिणी आता भुकेचा निरोप घेऊन निघाल्या असतील. तो आईचाच समज, बाय. रड हवं तेवढं, पण चार घास खा.