सवितानं दिलेलं नाव

सविता बरी असतानाच तिनं ते नाव दिलं, आणि तिच्या नवऱ्याच्या, हिरामणच्या, पोटात दुखायला लागलं.

मखमलाबादला त्यांची झेंडूची शेती. फुलं सविता पंचवटीच्या बाजारात विकायची. मधूनच तिचा आजार उसळायचा. झोप उडायची, जेवणात कुणीतरी काहीतरी कालवतंय म्हणून ती ताट भिरकावायची. मागच्या खेपेला हिरामणनं आणि त्याच्या भावानं, सहादूनं, तिचे हात बांधून तिला टेम्पोत घातलं होतं. सारी आळी बघत होती.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सविताला समजावलं, "पुन्हा त्रास झाला, तुम्हाला ठरवणं जमेना, तर तुमच्या वतीनं कोणी बोलायचं? कायद्यानं ते माणूस तुम्ही निवडायचं."

हिरामणनं खिशातून स्वतःचं आधारकार्ड काढलंसुद्धा.

"फुलाबाई," सविता म्हणाली.

फुलाबाई म्हणजे बाजारात तिच्या शेजारी मोगरा घेऊन बसणारी, मूळची हरसूलची विधवा. ना नात्याची, ना गोत्याची.

दुसऱ्या दिवशी हिरामण बाजारात आडोशाला उभा राहिला. दोघी एका डब्यातली भाकरी खात होत्या. फुलाबाई काहीतरी म्हणाली आणि सविता पदर तोंडाला लावून हसली. माझ्यासंगं ही कधी अशी हसली? त्याचा जीव जळला. तिथून तो थेट दवाखान्यात गेला.

"मॅडम, नवरा मी हाय. ते नाव बदला."

"दादा, ते फक्त सविताताईच बदलू शकतात."

मग त्यानं सविताजवळ फुलाबाईची निंदा सुरू केली. ती तुझी गिऱ्हाइकं पळवते, तिथं बसू नको. सविता ऐकून घ्यायची आणि तिथंच बसायची.

दसऱ्याच्या तोंडावर सविताला पुन्हा त्रास सुरू झाला. तिनं फुलांच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली. सहादू टेम्पो आणि दोर घेऊन आला. शेजारणीनं फोन केला म्हणून फुलाबाईही रिक्षानं आली.

"तू कशाला आलीस?" हिरामण खेकसला.

"तिनं सांगितलं होतं, भाऊ, म्हणून."

ती दाराशी जमिनीवर बसली. "सविता, दवाखान्यात जायचं का?"

"बांधाल मला!"

"नाय बांधायचं. तू चालत ये. रिक्षात मी शेजारी बसते."

मग सविता म्हणाली, "ह्यांना लांब जायला सांग."

दार फोडून तिला स्वतःच उचलून न्यावं, असं हिरामणला वाटलं. सहादू दोर उलगडत होता. हिरामणनं तो त्याच्या हातातून ओढून घेतला, टेम्पोत फेकला आणि म्हणाला, "जा तू." स्वतः बांधावर जाऊन पाठमोरा उभा राहिला. कडी वाजली. सविता फुलाबाईचा हात धरून, आपल्या पायांनी चालत रिक्षात बसली.

दवाखान्यात आत फुलाबाईला बोलावलं. हिरामण बाहेर बाकावर बसून राहिला.

सविताला उतार पडल्यावर त्यानं विचारलं, "एवढं केलं तुझ्यासाठी. मग ती का?"

"केलंत. पण आमटीत गोळ्या कालवायचात. मला चव लागायची, आणि विचारलं की म्हणायचात, काही नाही, तुला भास होतात. माझ्या आजाराची भीती तिलाही वाटते. पण ती मला विचारते."

हिरामण म्हणाला, "चुकलं माझं. आता माझं नाव घालशील?"

"बघू."

अजून नाव फुलाबाईचंच आहे. हिरामण आता गोळी सविताच्या हातावर ठेवतो, आणि ती नको म्हणाली तर का ते विचारतो. पण बाजारात त्या दोघी एकमेकींकडं बघून हसल्या, की त्याला अजून झोंबतं. परवा ते त्यानं सविताला सांगूनही टाकलं.

"झोंबू द्या," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.