नारळ फोडून पान उघडत नाही

मी एक जुना संगणक आहे आणि मित्रांनो, एका पत्राचे उत्तर माझ्यातच अडकले होते.

पत्र ऐकू न येणाऱ्या मुलांच्या निवासी शाळेचे होते. पंचफुलाबाईंच्या मुलीसाठी, मयुरीसाठी, तिथे एक जागा राखली होती. कागद जोडून शाळेच्या संकेतस्थळावर होकार कळवा, नाहीतर सोमवारी संध्याकाळी ती जागा दुसऱ्या मुलीला जाईल, असे त्यात लिहिले होते. ते टपालाने आले होते आणि त्याची प्रत माझ्याकडे होती. मयुरीचे कागदही स्कॅन करून माझ्याच पोटात ठेवले होते. होकार मात्र माझ्याकडून बाहेर पडत नव्हता.

मी पहिल्यापासून असा नव्हतो. हातमोजे घातलेल्या कामगारांनी मला जोडले, थर्माकोलमध्ये बसवले. बीबी गावच्या वाचनालयात मी आलो तेव्हा लोक चपला बाहेर काढून मला पाहायला येत. दहावीच्या निकालाला दारापर्यंत रांग लागे. मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि माझी अवकळा सुरू झाली.

सांगायलाही किळस वाटते. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, मळलेले अंगठे लोक माझ्या कळांवर टेकवत. पडदा पुसायचा म्हणजे बोटाला थुंकी लावायची, अशी येथील रीत. माझ्या पंख्याच्या जाळीत पालीने अंडी घातली. दसऱ्याला माझी पूजा होई, त्याचे मला वाईट वाटत नाही. पण झेंडूच्या माळेने माझी हवा कोंडे, नारळाचे पाणी कळांत सांडे, आणि दुसऱ्या दिवशी ते पुसायला कोणी येत नसे. मुंग्या तेवढ्या येत.

त्याच सुमारास इंटरनेटची तार बदलली. जुन्या केबलवाल्याने धंदा गुंडाळला आणि नव्या कंपनीचा माणूस भिंतीवर नवा डबा ठोकून गेला. पायरीवर बसलेल्या पोरांचे फोन भराभर चालू लागले. माझ्यात मात्र कुठल्याच संकेतस्थळाचे पान उघडेना.

इथे एक गोष्ट समजून घ्या. बीबीत घराचा नंबर कोणी विचारत नाही. पुंजाजींचे घर म्हटले की शेंबडे पोरही बोट दाखवते. आमच्या तारांच्या जगात उलटे असते. तिथे नाव कोणालाच कळत नाही, फक्त आकडे कळतात. तुम्ही शाळेचे नाव लिहिले की मी आधी एका पत्ता सांगणाऱ्या यंत्राला विचारतो, 'या नावाचा आकडा काय?' त्याने सांगितला की मग मी निघतो. मी रोज विचारत होतो. पलीकडून कोणी बोलत नव्हते.

सोमवारी दुपारी पंचफुलाबाई सोयाबीनच्या सोंगणीवरून, कापणीच्या कामावरून, तशाच मयुरीला घेऊन आल्या. मयुरी सरळ माझ्याजवळ आली आणि माझ्या कुशीला तळहात लावून उभी राहिली. पंख्याची घरघर तिला हाताने कळते.

"नेट नाही बाई," ग्रंथपाल कौशल्याबाई म्हणाल्या.

"नाही कसं? बाहेर पोट्टे तर पाहून राह्यले!"

वाचनालयाचे अध्यक्ष पुंजाजी पेपरातून डोके वर न काढता म्हणाले, "दसऱ्याचा नारळ नासका निघाला, तवाच मले वाटलं व्हतं. दुसरा फोडा."

आणि मित्रांनो, खरोखर नारळ फोडला! माझ्या पडद्यावर स्वच्छ लिहिले होते की या नावाचा पत्ता सापडत नाही. ते कोणी वाचले नाही. असे काही दिसले की माणसे वाचण्याआधीच ते बंद करतात. पुंजाजींनी त्याच ओल्या, चिकट हाताने माझ्या डोक्यावर दोन थापा घातल्या. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर ओकला असता.

कौशल्याबाईंनी आपल्या फोनवर शाळेचे पान उघडले. ते उघडले! पण कागदांचे फोटो धूसर आले आणि शाळेच्या संकेतस्थळाने ते घेतले नाहीत. चांगले कागद माझ्या पोटात, आणि मी मुका.

संगणक दुरुस्त करणारा, देऊळगाव राजा गावचा गोकुळ मेकॅनिक त्या दिवशी बाजारातल्या एका दुकानी आला होता. त्याला बोलावून आणले. गालात खर्रा धरूनच तो बोलला, "काका, मशीन म्हातारी झाली. देऊन टाका भंगारात. नवी आणतो."

"नवी कधी येईन?" पंचफुलाबाईंनी विचारले. "माह्या पोरीची जागा आज सांजेले जाते ना भाऊ!"

"मी काय करू ताई? जुनं ते जुनं."

"थांब," कौशल्याबाई म्हणाल्या. "ह्याच डब्यावर माह्या फोनात शाळेचं पान उघडते. मग ह्याच्यात काऊन नाही? आधी ते सांग, मग फेकू."

गोकुळ उठला. बाहेर जाऊन थुंकून आला, माझ्यासमोर बसला. नावाऐवजी त्याने एका दूरच्या यंत्राचा नुसता आकडा लिहिला. मी लगेच जाऊन उत्तर घेऊन आलो.

"आँ? रस्ता तर चालू हाय!"

मग नाव लिहिले. उत्तर नाही. तेव्हा त्याने माझ्या तारेची मांडणी, म्हणजे सेटिंग, उघडली. पत्ता सांगणाऱ्या यंत्राचा आकडा तिथे हाताने भरलेला होता. जुन्या केबलवाल्याचा. ज्याने दुकान गुंडाळले त्याच्याच दाराशी मी रोज हाका मारत होतो.

गोकुळ ओशाळून हसला. "हे तर म्याच टाकलं व्हतं. म्या बसवतो त्या सगळ्या मशीनीत हाच टाकतो. आपोआपवर ठेवलं की झंझट होते म्हणून."

"जानेफळ गावच्या मशीनीतही?" पुंजाजींनी पेपर खाली ठेवला. "अन् तार बदलल्यावर किती मशीनी भंगारात घातल्या बे तू?"

गोकुळ माझ्या कळांवरची धूळ फुंकू लागला. मला नारळाच्या चिकट पाण्यापेक्षाही त्या फुंकरीची शिसारी आली. धडधाकट भावंडे माझी! कुठल्या पत्र्याखाली गंजत असतील, कोण जाणे.

त्याने तो आकडा खोडला आणि पत्ता भिंतीवरच्या नव्या डब्याला विचारायला मला सांगितले. मी विचारले. पापणी लवायच्या आत शाळेचा आकडा मिळाला आणि पान उघडले. कौशल्याबाईंनी भराभर मयुरीची माहिती भरली, कागद जोडले. कागद चढू लागले. पडद्यावरची हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती.

ती सरकते आहे तोवर तुम्हाला सांगतो, मित्रांनो. आम्हाला पुसा, पण थुंकी लावून नको. पूजा केलीत तर दुसऱ्या दिवशी फडकेही मारा. आम्ही अडलो तर डोक्यावर थापा घालू नका. पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचा. आणि दुसरीकडे चालणारी गोष्ट आमच्यातच का चालत नाही, एवढे विचारल्याशिवाय आम्हाला म्हातारे म्हणू नका. भंगाराचा रस्ता फार जवळ असतो हो. तिथून कोणी परत येत नाही.

पट्टी भरली. खाली 'पाठवा' असे बटण आले.

"तुम्हीच दाबा," कौशल्याबाई पंचफुलाबाईंना म्हणाल्या.

पंचफुलाबाई पुढे आल्या. त्यांच्या बोटांवर शेताची माती होती. त्यांनी हात लुगड्याच्या पदराला पुसला, उलटून पाहिला, पुन्हा पुसला. मग मयुरीकडे पाहिले. मयुरीचा तळहात अजून माझ्या कुशीला लागलेला होता.

त्यांनी बटण दाबले. पंखा क्षणभर जोरात फिरला, मयुरी हसली, आणि उत्तर गेले.