सहा ते सात

पांढरा ठिपका अजून पुरता गेला नव्हता. बटण फिरवलं की चित्र आत ओढलं जायचं आणि काचेच्या मधोमध मोहरीएवढा उजेड मागं राहायचा – तो विझेपर्यंत विनी रोज तशीच उभी राहायची. पण आज बटणावरचा हात निघेना. रोज सहाला टीव्ही आपणहून गप्प व्हायचा. आज तिनं त्याचं तोंड दाबलं होतं, निवेदिकेनं पुढचं काही सांगायच्या आत.

“संपला टीव्ही,” ती म्हणाली. आवाज नेहमीचाच लागला… लागला ना?

शेगडीपुढच्या चटईवर पालथी पडलेली हेझल उठली आणि मुकाट्यानं मोजे काढायला लागली. सत्तावन्न सालातला फेब्रुवारी, शनिवार, न्हाण्याचा दिवस.

सकाळी तिच्या नवऱ्यानं, वॉल्टरनं, पेपरातून डोकं वर काढलं होतं. “घ्या! सरकारनं सहा ते सातचा तास सोडला म्हणे. आजपासून सलग टीव्ही. इतकी वर्षं सरकार पोरं झोपवत होतं, आता तुझ्या गळ्यात पडलं बघ ते काम!” आणि स्वतःच्याच विनोदावर तो खूश झाला. हेझल तेव्हा पाव आणायला गेली होती. आजवर सरकारी नियमच होता: सहाला पडदा काळा, सातला मोठ्यांसाठी पुन्हा सुरू. मधल्या तासात पोरांना ‘संपलं’ म्हणून सांगायचं आणि सात वाजता अंथरुणात घालायचं, हे घरोघरी चालायचं. हॅलिफॅक्समधल्या बाकीच्या बायका त्या बातमीवर हसल्या असतील, फार तर वैतागल्या असतील. माझ्यासारखी घाबरली कोण असेल, तिच्या मनात आलं. विनीनं चहा ओतला, थोडा बशीत सांडला.

या घरात बाकी सगळं आयव्हीचं, हेझलच्या आईचं होतं. पडदे आयव्हीनं शिवलेले, किटली आयव्हीची, टीव्हीसुद्धा राणीच्या राज्याभिषेकाला आयव्हीनं हट्टानं घेतलेला – विनीच्या वाट्याला आली होती ती फक्त तासाभराची काळी काच. आयव्ही जाऊन दोन हिवाळे झाले होते, विनीला लग्न होऊन येऊन अजून वर्ष व्हायचं होतं. सात वर्षांची हेझल उद्धट मुळीच नव्हती. तशी असती तर भांडता तरी आलं असतं. ती फक्त हाक मारायची नाही. आई नाही, मावशी नाही, काहीच नाही. ‘भूक लागलीय.’ ‘टॉवेल सापडत नाही.’ अशी वाक्यं, ज्यांत विनी कुठंच नसायची… आणि मी वेड्यासारखी प्रत्येक वाक्यात स्वतःला शोधत राहायचे.

पण सहाला टीव्ही बंद झाला की पोरीला करमायचं नाही. मग ती सरकत सरकत जवळ यायची, केस विंचरू द्यायची, शाळेत कुणाचा दात पडला ते सांगायची. गेल्या महिन्यात एकदा विनीच्या मांडीवर डोकं टेकून झोपलीच – पायाला मुंग्या आल्या, तरी विनीनं पाय हलवला नाही. असे अजून थोडे महिने मिळाले असते, तर हाक आली असती. मला वाटतं, आली असती.

पत्र्याच्या टबात हेझल गुडघे पोटाशी घेऊन बसली. विनीनं तिच्या केसांना साबण लावला, मानेवरून, कानांमागून, आणि आता ही काहीतरी बोलेल म्हणून वाट पाहत असतानाच भिंतीपलीकडून वाजायला लागलं. गिटार, ड्रम, तरुण पोरांचा आरडाओरडा. शेजारच्या क्रॅबट्रीबाईंचा टीव्ही. बाई ठार बहिऱ्या, आवाज कायम पूर्ण सोडलेला.

भिंतीचा तिनं विचारच केला नव्हता. वॉल्टर फुटबॉलच्या सामन्याला गेला म्हणून हायसं वाटलं होतं, दिवसभर घड्याळाकडे पाहिलं होतं, आणि ज्या गल्लीत शेजारचा खोकलासुद्धा आपल्याच घरातला वाटतो तिथली भिंत मात्र ती विसरली होती.

तिची बोटं थांबली. पोरीची मान ताठ झालेली हाताला कळली. आता उठेल, ओल्या अंगानं जाऊन बटण फिरवेल. किंवा त्याहून वाईट – बसून राहील, आणि यापुढं टॉवेलसुद्धा मागणार नाही. रेडिओ आहे म्हणून सांगावं? खोट्यावर आणखी एक खोटं… आयव्हीला असं पोरीला चोरून घ्यावं लागलं नसतं.

“क्रॅबट्रीबाईंचा चालू आहे,” हेझल म्हणाली.

“हो.”

“म्हणजे आपलापण चालू असणार.”

“असणार. मीच बंद केला.”

हेझल तळहातानं फेस पुढं ढकलत राहिली. “सातला परत लागतो ते मला केव्हाचं माहितीय. वर झोपायला गेलं की ऐकू येतं. आईपण असंच सांगायची, टीव्ही झोपला म्हणून.” मग मान वळवून, “पण तिला हसू यायचं. तुला येत नाही.”

हेझलला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं, आणि तरीही ती रोज सरकत जवळ यायची. विनीला लाज वाटली, फार लाज वाटली – पोर आपणहून जे देत होती त्याचे आभार आपण एका बंद डब्याला मानत होतो. आणि आयव्ही, जी आजवर नुसती फोटोत होती, सोज्वळ, कधीच न चुकलेली, ती याच फरशीवर गुडघे टेकून, दमूनभागून, हसू दाबत याच पोरीला हेच खोटं सांगताना विनीला पहिल्यांदा दिसली. कसं सांगायचीस गं, असं तिला विचारावंसं वाटलं.

“डोळे मीट,” म्हणून तिनं पाण्याचा जग उचलला. केस धुऊन झाले की विचारायचं, टीव्ही लावू का म्हणून. आणि ही हो म्हणाली तर… म्हणाली तर म्हणाली. भीती होतीच. फक्त ती आता आयव्हीच्या घरात आलेल्या पाहुणीची भीती राहिली नव्हती.